पाडण्याआधी मोजा

शनिवारवाडा पुन्हा बांधावा, अशी मागणी पुण्यात अधूनमधून डोके वर काढते. निमित्त कधी एखाद्या चित्रपटाचे असते, कधी निवडणुकीचे. मागणी करणाऱ्यांच्या भावनेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण कोणता शनिवारवाडा बांधायचा, एवढे तरी त्यांना विचारायला हवे. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला आणि दोन वर्षांनी, १७३२ च्या जानेवारीत, वास्तुशांत झाली. पुढे प्रत्येक पेशव्याने त्यात भर घातली. तटबंदी पुरी झाली, महाल वाढले, सवाई माधवरावांसाठी हजारी कारंजे झाले. मधल्या काळात आगी लागल्या, काही भाग गेले, काही नव्याने उठले. २७ फेब्रुवारी १८२८ च्या आगीत जे जळाले, ते जवळजवळ शंभर वर्षे बदलत राहिलेले घर होते. मागे राहिला तो तट, दिल्ली दरवाजा, त्यावरचा नगारखाना आणि आतली जोती. वाडा सात मजली होता असे परंपरा सांगते. ते सात मजले कसे होते, त्यांचे जिने कुठे होते, कोणत्या दालनाला किती खण होते, हे मात्र कुणालाच खात्रीने सांगता येत नाही.

कागद अगदीच नाहीत असे नव्हे. पेशवे दफ्तर आहे, महालांची नावे ठाऊक आहेत: गणेश रंगमहाल, आरसे महाल, हस्तिदंती महाल, मेघडंबरी. पेशव्यांच्या दरबारात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट तह करतो आहे, असे एक मोठे तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्याची तयारी जेम्स वेल्सने पुण्यात केली, १७९५ मध्ये तो वारला आणि टॉमस डॅनिएलने ते १८०५ मध्ये पुरे केले. चित्र देखणे आहे. पण तह झाला १७९० मध्ये आणि वेल्स पुण्यात आला त्यानंतर, म्हणजे प्रसंग मागाहून जुळवलेला आहे. दालनाची लांबीरुंदी आणि छताची उंची ठरवायला त्यावर किती भिस्त ठेवायची? त्याच सुमारास, त्याच मॅलेटच्या पदरी असलेला गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार वेरूळला जाऊन लेण्यांची चित्रे काढत होता. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. हजार-बाराशे वर्षे जुन्या लेण्यांची नोंद घ्यावी असे साहेबाला वाटले. पुण्यातल्या नांदत्या वाड्याची घ्यावी असे ना साहेबाला वाटले, ना पेशव्याला. नांदते घर कोण मोजतो?

या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की ते मोजायला हवे, आणि पाडण्याआधी मोजायला हवे. पुनर्बांधणीची चर्चा आपण नेहमी पैसा, परवानगी आणि अस्मिता या तीन गोष्टींभोवती करतो. पैसा उभा करता येतो, सागवान आणता येते, कारागीर घडवता येतात. मोजमाप घेता येते ते फक्त इमारत उभी असताना. म्हणून पुण्याच्या पेठांत आज जे काही जुने शिल्लक आहे, त्यातली एकही इमारत तिची मोजणी होऊन नकाशे सार्वजनिक दफ्तरात जमा झाल्याशिवाय पाडू देऊ नये. ती वाचवायची की नाही, पुन्हा बांधायची की नाही, हा वाद त्यानंतरचा.

नोंदीचे मोल सगळ्यात स्वच्छ दिसते ते वॉर्सामध्ये. १९४४ चा उठाव चिरडल्यावर जर्मन फौजांनी हे शहर रस्त्यामागून रस्ता असे ठरवून उद्ध्वस्त केले. युद्ध संपले तेव्हा शहराचा सुमारे ८५ टक्के भाग ढिगाऱ्यात होता. आज वॉर्साचे जुने गाव उभे आहे आणि १९८० पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीतही आहे. याचे श्रेय सहसा बर्नार्दो बेल्लोत्तो या अठराव्या शतकातल्या चित्रकाराला दिले जाते, कारण त्याने शहराची चौक-रस्त्यांसह बारीक चित्रे काढून ठेवली होती. सांगायला ही गोष्ट छान आहे. पण चित्रावरून सुताराला तुळई कापता येत नाही. कामाला आली ती वॉर्सा पॉलिटेक्निकच्या स्थापत्य विभागातल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी युद्धाआधीच्या वर्षांत घरोघरी टेप लावून काढलेली मोजमाप-चित्रे. जर्मन अमलातही हे काम गुपचूप चालू राहिले. उठावानंतर शहर पेटत असताना हे कागद बाहेर काढून पियोत्रकुव या गावी एका मठात लपवण्यात आले. यान झाखवातोविच आणि त्यांचे सहकारी युद्धानंतर कामाला लागले, तेव्हा त्यांच्या हातात तीच बाडे होती. मुलांनी परीक्षेच्या गुणांसाठी काढलेल्या चित्रांवर एक राजधानी उभी राहिली, असे म्हटले तर ते फार वाढवून सांगणे होणार नाही.

वॉर्साची पुनर्बांधणी निर्दोष आहे असे नाही, आणि तिचे दोषही आपल्याला शिकवणारे आहेत. कित्येक घरांचा दर्शनी भाग जुना आणि आतली मांडणी विसाव्या शतकाच्या सोयीची आहे. एकोणिसाव्या शतकात चढलेले काही मजले मुद्दाम गाळले गेले, कारण बांधणाऱ्यांना अठरावे शतक अधिक प्रिय होते. बेल्लोत्तोने चित्राच्या शोभेसाठी जिथे सत्याला थोडी मुरड घातली, ती मुरडही काही ठिकाणी विटांत उतरली. नोंद दाट तिथे इमानदारी, नोंद विरळ तिथे आवड असा एकूण हिशेब दिसतो. आपल्याकडे नोंदच नसेल तर उरेल ती फक्त आवड, आणि आवड कुणाची हे त्या वेळी सत्तेत कोण आहे त्यावर ठरेल.

पॅरिसच्या नोत्र दामचे उदाहरण ताजे आहे, म्हणून थोडक्यात. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत त्या कॅथेड्रलच्या छताखालचा मध्ययुगीन लाकडी सांगाडा गेला. सुदैवाने पाचच वर्षे आधी दोन तरुण वास्तुरचनाकारांनी त्या सांगाड्याचे माप घेऊन ठेवले होते आणि त्याआधी अँड्र्यू टॅलन या अभ्यासकाने सगळ्या इमारतीचे लेसरने मोजमाप केले होते. नवा सांगाडा पुन्हा ओकच्याच लाकडात, कुऱ्हाडीने तासून उभा राहिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये दारे उघडली. पैशाचा पूर तिथे आगीच्या दुसऱ्याच दिवशी आला होता. मोजमापासाठी मात्र दुसरा दिवस उशिराचा ठरला असता.

हे युरोपचे लाड आहेत, असे कुणी म्हणेल, म्हणून घराजवळ येऊ. इंदूरचा होळकरांचा राजवाडा १९८४ च्या दंगलीत पेटला. दर्शनी सातमजली भाग तगला, मागच्या भागाची राखरांगोळी झाली. या शतकाच्या पहिल्या दशकात होळकर घराण्याच्या पुढाकाराने तो भाग जुन्याच पद्धतीने, लाकूड-वीट-चुन्यात पुन्हा बांधला गेला. पुण्यात तर एकाच वर्षाचे दोन दाखले समोरासमोर आहेत. मे १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाची धामधूम चालू असताना, बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा या दोन्ही पेशवेकालीन वाड्यांना आग लावण्यात आली. विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडचा भाग जळाला. उरलेला भाग समोर होता, त्याचे खण मोजून, त्याच्यासारखे खांब करून, लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या पैशांतून जळका भाग परत उभारता आला. रस्त्यावर झुकलेला तो सज्जा, सुरूच्या आकाराचे खांब, वरची केळफुले आजही बाजीराव रस्त्यावरून दिसतात. बुधवारवाडा मात्र अख्खाच गेला. आज त्याचे नाव चौकाच्या आणि पेठेच्या नावात विरून गेले आहे, आणि तो कसा दिसत होता असे विचारले तर पुण्याच्या इतिहासात मुरलेला माणूसही चाचरेल. फरक पैशाचा नव्हता. एकाची नक्कल करायला अर्धे शरीर शिल्लक होते, दुसऱ्याचे काहीच नव्हते.

आज वाडे आगीने जात नाहीत. मोठा घाव १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुराने घातला; नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात बसले आणि त्या जागी सिमेंटच्या इमारती आल्या. त्यानंतरची पडझड संथ आहे आणि तिचे कारण कायद्याच्या पुस्तकात सापडते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्ध आणि फाळणीच्या धामधुमीत तो कायदा गरजेचाच होता. पण तो तात्पुरता राहिला नाही. महिना पाच-दहा रुपये भाड्यात कौले शाकारायची, लाकडाला तेल द्यायचे, गळके छत दुरुस्त करायचे हे मालकाला परवडेना, आणि मालकीच नाही तर भाडेकरूने तरी का करावे? गोठवलेली भाडी अवाजवी आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकात सांगितले, नंतर १९९९ चा कायदा आला, वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. पाच रुपयांवर चार टक्के म्हणजे वीस पैसे. तोवर वाळवीने आपले काम उरकले होते. त्यात वारसांची संख्या वाढलेली. एका मिळकतपत्रिकेवर वीस-पंचवीस नावे, त्यातली निम्मी पुण्याबाहेर, एक-दोन अमेरिकेत. अशा घराची दुरुस्ती होत नाही, त्याचा फक्त व्यवहार होतो.

रक्षणाचे कायदेही कधी कधी उलटे लागू पडतात. स्मारक संरक्षण कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे. शनिवारवाडा असे स्मारक आहे, आणि त्याच्या भोवती कसबा आणि शनिवार पेठेतले वाडे आहेत. दुरुस्तीला परवानगी मिळू शकते, पण तिच्यासाठीची ये-जा सामान्य कुटुंबाला झेपणारी नाही, आणि पुनर्बांधणी तर अडूनच बसते. परिणामी ज्या वाड्याचा तट तेवढा उरला आहे त्याच्या मानासाठी, जे वाडे खरोखर उभे आहेत ते टेकू लावून सडत बसतात. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा लावते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे २६४ वे कलम पेठांतल्या शाळकरी मुलांनासुद्धा पाठ असावे इतक्या त्या दारांवर चिकटलेल्या असतात.

नोटिशीनंतर काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे, कारण ज्ञान नेमके कोणत्या क्षणी हरवते ते त्यात दिसते. रहिवासी गेले की आधी वीज-पाणी तुटते. मग छपरावरची कौले उतरतात. मग लाकूड, कारण पैसा तिथे असतो. जुने सागवान ठेकेदाराच्या हिशेबात धरलेलेच असते: खांब, हस्त, तुळया, कडीपाटाच्या कड्या आणि पाट, दिंडी दरवाजा. ते एकदा सुटे होऊन टेम्पोत चढले की कोणता खांब ओटीचा आणि कोणता माजघराचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. चांगल्या कोरीव कामाचे तुकडे फार्महाउसच्या दिवाणखान्यात किंवा मराठमोळ्या जेवणाच्या हॉटेलच्या दारात उभे राहतात. उरलेल्या भिंती यंत्राने पाडल्या जातात, आणि इथेच सगळ्यात मोठे नुकसान होते. कारण वाड्याची अक्कल त्याच्या भिंतीत होती. खाली तीन-तीन फूट जाडीच्या भिंतीत वर जाणारा अरुंद जिना दडवलेला असे, धान्याचे बळद असे, कोनाडे आणि दिवळ्या असत. जोत्याखालून कात्रजच्या तलावातून आलेल्या पाण्याचा नहर हौदात उतरत असे. काही ठिकाणी नहराची खापराची नळी याच वेळी पहिल्यांदा आणि शेवटची उघडी पडते. चौकाचे माप आणि भोवतालच्या मजल्यांची उंची यांचे गणित असे बसवलेले असे की उन्हाळ्यात दुपारीही माजघर गार राहावे. हे गणित कुणी ग्रंथात लिहून ठेवलेले नाही. ते इमारतीतच होते, आणि राडारोड्याच्या ट्रकमधून नदीकाठच्या भरावात जाते.

या सगळ्याला एक आदरणीय अपवाद पुण्यातच आहे. बाजीरावाने मस्तानीसाठी बांधलेल्या कोथरूडच्या महालाचे अवशेष दिनकर केळकरांनी उचलून आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा मांडले. तो महाल मूळ जागी नाही, मूळ आकारातही नाही, तरी मस्तानीबद्दलच्या सगळ्या दंतकथांपेक्षा ते लाकूड अधिक बोलते. पण एका माणसाच्या वेडावर शहराचे धोरण चालत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप वाड्यात राहणाऱ्यांचा, आणि तो सगळ्यात खरा. सामाईक संडास, ओल धरलेल्या भिंती, रात्री अंगावर पडणारी माती, लग्नाच्या मुलाला स्वतंत्र खोली नाही. बाहेरच्या माणसाने येऊन ‘काय सुंदर कडीपाट आहे’ म्हणावे आणि आतल्या माणसाने तो कधी डोक्यात पडेल या धास्तीत झोपावे, यातला अन्याय उघड आहे. ज्यांना वाडा वाचवायचा आहे त्यांनी आजवर या माणसांकडे अडथळा म्हणून पाहिले, ही त्या चळवळीची मोठी चूक. मोजणीची मागणी मात्र कुणाचे नवे घर अडवत नाही. सरसकट सगळे वाडे वाचवा असे इथे म्हटलेले नाही. कित्येक वाडे वाचण्यापलीकडे गेले आहेत आणि तिथल्या लोकांना बंद संडासाचे, पक्क्या छताचे घर मिळणे हीच न्यायाची गोष्ट आहे. मागितले आहेत ते कुलूप लागल्यापासून कौले उतरेपर्यंतचे काही दिवस.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: आणखी एक दाखला, आणखी एक टेबल, आणखी एक पाकीट. पुण्यात बांधकाम परवानगीच्या वाटेवर आधीच किती टेबले आहेत हे ज्याने एकदा ती वाट तुडवली आहे त्याला सांगायला नको. म्हणून ही जबाबदारी मालकावर टाकूच नये. मोजणी महापालिकेने करावी, ठरलेल्या मुदतीत करावी, आणि मुदतीत झाली नाही तर मालकाची वाट मोकळी असावी. माणसे कुठून आणायची, असे विचारले जाईल. ती शहरातच आहेत. आर्किटेक्चरच्या अभ्यासक्रमात जुन्या इमारतीचे मोजमाप काढण्याचे काम असतेच. मुले त्याला ‘मेजर्ड ड्रॉइंग’ म्हणतात. दरवर्षी ती टेप आणि ओळंबा घेऊन कुठल्या तरी वाड्यात, घाटावर, देवळात जातात, सुंदर नकाशे काढतात, मार्क मिळवतात आणि ते कागद कॉलेजच्या कपाटात जातात. पुण्यात आर्किटेक्चरची कॉलेजे आहेत, पेशवे दफ्तर आहे, १९१० पासूनचे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. वॉर्साकडे युद्धाआधी यापेक्षा फारसे वेगळे काही नव्हते. नव्हती ती आपल्याकडची सवय, की बांधकाम विभागाला कॉलेजचा पत्ता नाही आणि कॉलेजला दफ्तराचा.

तिसरा आक्षेप वारसा जपणाऱ्यांचाच आहे, आणि तो या लेखाच्या मर्मावर बोट ठेवतो. मोजणी सक्तीची केली की ती पाडण्याचा परवाना होऊन बसेल. ‘नकाशा काढला ना, मग आता चालवा हातोडा’ असे होईल. जिवंत माणसाला वैद्य द्यायचा सोडून शवविच्छेदनाची सोय करण्यातला हा प्रकार आहे, असे ते म्हणतील. ही भीती खरी आहे. पर्यावरणाचे अहवाल आपल्याकडे कसे लिहिले जातात हे पाहिल्यावर तर ती अधिकच खरी वाटते. पण आजची स्थिती काय आहे? वारसा यादीत इमारतींना श्रेणी दिली जाते ती बरीचशी बाहेरून पाहून, नावलौकिकावरून. यादीत नाव असलेल्या कित्येक वाड्यांच्या आत काय आहे हे यादी करणाऱ्यालाही ठाऊक नसते. मग मालक कोर्टात गेला की ‘यात जपण्यासारखे काय आहे’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. मोजणीत ते उत्तर मिळते. कोणती तुळई कुजली आहे आणि कोणती अजून शंभर वर्षे टिकेल, हेही कळते. ‘अख्खा वाडा धोकादायक’ या शेऱ्याला आव्हान देता येते. अट एकच, की नकाशे निर्णयाच्या आधी जमा व्हावेत आणि कुणालाही पाहता यावेत. निर्णयानंतर फायलीला टाचलेली मोजणी नुसता सोपस्कार होईल, तिथे आक्षेप घेणाऱ्यांशी पूर्ण सहमती आहे.

राहिला प्रश्न नकलेचा. पुन्हा बांधलेली इमारत ही खोटी इमारत, असे शुद्धतावादी मानतात, आणि १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही पुनर्बांधणीला मुळातच नकार देऊन फक्त मूळचे विखुरलेले तुकडे जागच्या जागी जोडण्याला मान्यता दिली होती. दगडी अवशेषांच्या देशात हा नियम शोभतो. लाकूड, माती, कौलांच्या इमारती मात्र मुळातच बदलत्या असतात. कौले दर वर्षी शाकारली जातात, कड्या बदलतात, गिलावा पुन्हा होतो. देवळांचा जीर्णोद्धार आपण पुण्यकर्म मानतो आणि त्यानंतर देऊळ खोटे झाले असे कुणी म्हणत नाही. विश्रामबागवाड्याचा १८७९ नंतरचा भाग आज दीडशे वर्षांच्या घरात आला आहे. तो खोटा आहे काय? खोटेपणा वेगळ्या ठिकाणी आहे: बारा मजली इमारतीला सिमेंटच्या महिरपी चिकटवून तिला वाड्याचे नाव देण्यात, किंवा कुठल्याही मापाशिवाय चित्रपटाच्या सेटसारखा शनिवारवाडा उभा करण्यात. मूळ काय होते हे ठाऊक असेल तरच नक्कल प्रामाणिक असू शकते.

आणखी एक आक्षेप आहे, तो मोठ्याने कमी बोलला जातो. वारसा म्हटले की पुण्यात पेशवाई, सरदार, सावकार, असेच चित्र उभे राहते, आणि ज्यांच्या पूर्वजांना त्या वाड्यांच्या ओटीवरही जागा नव्हती त्यांनी हा खटाटोप आपला का मानावा? या प्रश्नाचे उत्तर बुधवार पेठेतल्या भिडेवाड्याने दिले आहे. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली ती या वाड्यात. त्या काळी कुणी शहरातल्या महत्त्वाच्या वास्तूंची यादी केली असती, तर तात्यासाहेब भिड्यांचे हे घर तिच्यात आले नसते. तो ना महाल होता, ना त्याचे कोरीव काम कुणाच्या डोळ्यांत भरावे असे होते. त्याचे मोल पुढच्या पिढ्यांनी ओळखले, आणि ओळखेपर्यंत वाडा मोडकळीला आला होता. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर जागा महापालिकेच्या ताब्यात आली आणि डिसेंबर २०२३ मध्ये वाडा पाडला गेला, तिथे राष्ट्रीय स्मारक व्हावे म्हणून. स्मारक जरूर व्हावे. पण सावित्रीबाई ज्या खोलीत शिकवत होत्या ती किती खणांची होती, तिला उजेड कुठून येत होता, रस्त्यावरची टवाळी आत ऐकू जावी इतकी ती दिंडीजवळ होती का, हे सांगणारा नकाशा शाळेच्या पहिल्या शंभर वर्षांतच निघायला हवा होता. उद्याच्या पिढीला आजच्या कोणत्या घराचे मोल वाटेल हे आपल्याला कळणार नाही. एखादी चाळ असेल, एखाद्या तालमीची इमारत असेल, एखाद्या कामगार वस्तीतले वाचनालय असेल. म्हणून मोजणीला श्रेणी नको, घराण्याचा विचार नको. ठरावीक वर्षाआधीची प्रत्येक इमारत, एवढाच निकष पुरे.

यासाठी नवा कायदा लागेलच असे नाही. नोटिशीच्या नमुन्यात एक कलम वाढवावे: इमारत रिकामी झाल्याची खबर महापालिकेच्या हेरिटेज विभागाला त्याच दिवशी जावी, आणि मोजणी पथक येऊन गेल्याशिवाय कौलाला हात लागू नये. पाडण्याच्या ठेक्यात लाकडावर खुणा करण्याची अट घालावी, म्हणजे खांब विकला गेला तरी तो कोणत्या चौकातला हे कळेल. नकाशे मिळकतपत्रिकेच्या क्रमांकाने लावावेत, पुढाऱ्याच्या नावाने नव्हे. हे सारे येत्या मे महिन्यात, पावसाळी नोटिसा छापायला जाण्याआधी करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी लागणारा खर्च एखाद्या चौकातल्या कारंज्याच्या सुशोभीकरणाहून जास्त नसावा.